जुन्या भूमिगत इंधन टाक्यांच्या जागेची प्रदूषण तपासणी

पेट्रोल पंप, एस.टी. आगार, कारखाने किंवा डिझेल जनित्रे यांसाठी जमिनीत पुरलेल्या आणि आता वापरात नसलेल्या टाक्यांमधून इंधन झिरपून माती व भूजल दूषित झाले आहे काय, झाले असल्यास किती आणि कोठवर, याचा शास्त्रीय शोध म्हणजे जुन्या भूमिगत इंधन टाक्यांच्या जागेची प्रदूषण तपासणी होय. टाकी काढून टाकली किंवा वाळूने भरून बंद केली, तरी तिच्यातून पूर्वी झिरपलेले इंधन जमिनीत राहते. त्यामुळे ही तपासणी टाकीपेक्षा तिच्या भोवतालच्या जमिनीची व पाण्याची असते.

या तपासणीची बहुतेक पद्धती अमेरिका व युरोपातील वाळू-मातीच्या सपाट प्रदेशांत विकसित झाली. महाराष्ट्राचा फार मोठा भाग मात्र बेसॉल्ट खडकाचा आहे आणि कोकणात त्यावर जांभ्याचा थर व प्रचंड पाऊस यांची भर पडते. रायगड जिल्ह्यातील महाड व पोलादपूर हे तालुके या परिस्थितीचे चांगले उदाहरण आहेत. तेथे डोंगरउतार, नदीकाठ, मुंबई-गोवा महामार्ग, रासायनिक उद्योगांची औद्योगिक वसाहत आणि विहिरी व झरे यांवर अवलंबून असलेल्या वाड्या एकमेकांलगत आहेत. या लेखात सर्वसाधारण पद्धतीबरोबर अशा भूप्रदेशात ती कोठे व कशी बदलावी लागते, याचाही विचार केला आहे.

पार्श्वभूमी

आगीच्या भयामुळे पेट्रोल जमिनीखाली साठवण्याची पद्धत जगभर रूढ झाली. आगीच्या दृष्टीने ती योग्यच होती. परंतु पुरलेली टाकी डोळ्यांआड गेली आणि तिची गळतीही दिसेनाशी झाली. विसाव्या शतकाच्या मध्यात पुरलेल्या उघड्या पोलादी टाक्या गंजून गळू लागल्या, तेव्हा अमेरिकेने १९८४ मध्ये भूमिगत टाक्यांसाठी कायद्यात स्वतंत्र तरतूद केली आणि जुन्या टाक्या सुधारण्यासाठी किंवा बंद करण्यासाठी डिसेंबर १९९८ ही मुदत दिली. तेव्हापासून त्या देशात गळतीच्या पाच लाखांहून अधिक घटना नोंदल्या गेल्या आहेत. कॅलिफोर्नियातील सांता मोनिका शहराला १९९६ मध्ये आपल्या पाणीपुरवठ्याचा सुमारे निम्मा भाग देणाऱ्या विहिरी बंद कराव्या लागल्या. त्या विहिरींत पेट्रोलमध्ये मिसळले जाणारे एमटीबीई हे संयुग उतरले होते. ते पाण्यात सहज विरघळते, मातीला फारसे चिकटत नाही आणि म्हणून इंधनातील इतर घटकांच्या पुढे धावते.

भारतात पेट्रोल पंपांच्या परवान्यांचे काम पेट्रोलियम अधिनियम, १९३४ आणि पेट्रोलियम नियम, २००२ यांनुसार पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना पाहते. ‘पेसो’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संघटनेचे मुख्यालय नागपूरला आहे. या नियमांचा भर आरंभापासून आग व स्फोट टाळण्यावर राहिला. टाकीखालच्या पाण्याचा प्रश्न नियमांच्या कक्षेत पुष्कळ उशिरा आला.

गळती आणि तिची लपण्याची रीत

गळतीची स्थाने ठरलेली असतात: टाकीच्या तळाशी गंजून पडलेली छिद्रे, नळांचे सांधे, टँकर रिकामा करतानाचे सांडणे आणि वितरण यंत्राखालचे जोड. मोठी गळती लवकर लक्षात येते, म्हणून ती तुलनेने कमी घातक ठरते. खरी हानी सूक्ष्म गळती करते. दर सेकंदाला एक थेंब गळत असेल, तर दिवसाला सुमारे ४ लिटर आणि वर्षाला दीड हजार लिटरच्या आसपास इंधन जमिनीत जाते. २० हजार लिटर पेट्रोलचे तापमान एका अंशाने बदलले, तरी त्याचे आकारमान सुमारे २० लिटरने कमीअधिक होते. साहजिकच मोजपट्टीने रोज साठा मोजणाऱ्याला ही ४ लिटरची तूट तापमानाच्या फरकात दिसतच नाही. महिन्याचा ताळेबंद सतत एकाच बाजूला झुकत राहिला, तरच संशय येतो.

उथळ भूजलाच्या प्रदेशात याला आणखी एक पैलू आहे. पावसाळ्यात टाकीभोवतालच्या पाण्याची पातळी आतील इंधनापेक्षा वर गेली, की छिद्रातून इंधन बाहेर पडण्याऐवजी पाणी आत शिरते. उन्हाळ्यात पातळी उतरल्यावर त्याच छिद्रातून इंधन बाहेर पडते. पंपावरील कर्मचारी मोजपट्टीला पाणीदर्शक पेस्ट लावून टाकीच्या तळाचे पाणी तपासतात. जून ते सप्टेंबरमध्ये तळाला पाणी आणि मार्च ते मेमध्ये साठ्यात तूट अशा नोंदी वर्षानुवर्षे सापडल्या, तर तो छिद्राचा सबळ पुरावा मानला जातो. या नोंदवह्या पंप बंद होताच रद्दीत जातात, ही तपासणीच्या दृष्टीने मोठीच हानी होय.

जमिनीखालील इंधनाचे वर्तन

पेट्रोल व डिझेल पाण्यापेक्षा हलके आहेत. मातीतून खाली उतरताना त्यांचा काही अंश कणांमधील पोकळ्यांत अडकतो, काही अंशाची वाफ होते आणि उरलेले भूजलाच्या पृष्ठभागावर तरंगते. या तरंगत्या थरातून बेंझिन, टोल्युइन, एथिलबेंझिन व झायलिन हे घटक हळूहळू पाण्यात विरघळतात आणि प्रवाहाच्या दिशेने दूषित पाण्याचा लांबट पट्टा तयार होतो. डिझेल जड व कमी बाष्पनशील असल्याने ते टाकीच्या जवळपास अधिक काळ रेंगाळते. पाण्याला धोका पोहोचतो तो मुख्यतः पेट्रोलपासून.

भूजलाची पातळी ऋतूनुसार वरखाली होते, तेव्हा तरंगता थरही वरखाली होतो आणि वाटेतील सर्व माती माखून टाकतो. कोकणात ऑगस्टमध्ये काठोकाठ भरलेल्या विहिरी मे महिन्यात तळ गाठतात. म्हणजे तेथे हा माखलेला पट्टा काही सेंटिमीटरांचा न राहता कित्येक मीटरांचा होऊ शकतो. पावसाळ्यात तो पाण्याखाली बुडतो, त्यामुळे त्या काळात निरीक्षण विहिरीत तरंगते इंधन दिसत नाही आणि जागा स्वच्छ असल्याचा भास होतो.

बेंझिन हे मानवात कर्करोग उत्पन्न करणारे द्रव्य म्हणून सिद्ध झाले आहे. भारतातील पेट्रोलमध्ये त्याचे प्रमाण आकारमानाने १ टक्क्यापर्यंत मर्यादित आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेचे पिण्याच्या पाण्यासाठीचे मार्गदर्शक मूल्य लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. या दोन आकड्यांवरून साधे गणित मांडता येते. १ लिटर पेट्रोलमध्ये जास्तीत जास्त १० मिलिलिटर, म्हणजे सुमारे ८.८ ग्रॅम बेंझिन असते. ते सर्व पाण्यात विरघळले असे मानल्यास सुमारे ८ लाख ८० हजार लिटर पाणी त्या मूल्यापर्यंत पोहोचेल. ४ मीटर व्यासाच्या विहिरीत ५ मीटर पाणी असेल तर ते सुमारे ६३ हजार लिटर भरते. अर्थात असे पाणी चौदा विहिरींचे झाले. प्रत्यक्षात बरेचसे बेंझिन उडून जाते व काही जिवाणू खातात, म्हणून हे गणित केवळ प्रमाणाची कल्पना देणारे समजावे.

इंधनात अलीकडे झालेला एक बदल तपासणी करणाऱ्याने ध्यानात घ्यावा लागतो. भारतात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण २०२२ मध्ये १० टक्क्यांवर गेले आणि त्यानंतर २० टक्क्यांचे मिश्रण विक्रीस आले. मातीतील जिवाणूंना इथेनॉल अधिक आवडते. ते आधी त्याच्यावर तुटून पडतात व पाण्यातील प्राणवायू संपवतात. तोवर बेंझिन तसेच राहते आणि त्याचा पट्टा अधिक लांब जातो. शिवाय इथेनॉलच्या विघटनातून मिथेन वायू तयार होतो. ज्या टाक्यांत केवळ जुने, इथेनॉलविरहित पेट्रोल होते आणि ज्यांत नवे मिश्रण होते, त्यांच्या जागांचे निष्कर्ष त्यामुळे एकाच मापाने मोजता येत नाहीत.

महाड-पोलादपूरचा भूप्रदेश

या परिसराचा पाया सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या आडव्या थरांचा आहे. प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट कातळ असतो, तर वरचा भाग सच्छिद्र व फुटका असतो. दोन थरांमध्ये कधी लालसर चिकण पट्टा आढळतो. पाणी घट्ट कातळातून जात नाही; ते भेगा, सांधे व सच्छिद्र भाग यांतून वाट काढते आणि डोंगरउतारावर थरांचा सांधा उघडा पडतो तेथे झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. महाडजवळ सव येथील उष्ण झरे हेही खडकातील खोल भेगांमधून होणाऱ्या जलप्रवाहाचेच एक रूप आहे. डोंगरमाथ्यांवर आणि सड्यांवर जांभा आढळतो. जांभा पोकळ व नळ्यानळ्यांचा असल्याने पावसाचे पाणी त्यातून झपाट्याने खाली जाते. सावित्री, गांधारी व काळ या नद्यांच्या काठी गाळाच्या मातीचे अरुंद पट्टे आहेत.

वाळूत दूषित पाण्याचा पट्टा पिसाऱ्यासारखा पसरतो व त्याची कडा शोधता येते. कॅलिफोर्नियातील जुन्या टाक्यांच्या शेकडो जागांचा आढावा १९९५ मध्ये लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेने घेतला, तेव्हा बहुतेक पट्टे सुमारे ७५ मीटरांच्या आत स्थिरावलेले दिसले. हा निष्कर्ष पुढे जगभर आधार म्हणून वापरला गेला. परंतु तो मुख्यतः गाळाच्या प्रदेशातील आहे आणि भेगांच्या कातळाला तसाच लावणे धोक्याचे आहे. कातळात टाकीपासून १० मीटरवरची विहीर निर्मळ राहू शकते आणि भेगेच्या रेषेत असलेली दूरची विहीर बाधित होऊ शकते. उतारावर तर विहिरींपेक्षा खालच्या अंगाचे झरे आधी तपासणे श्रेयस्कर ठरते. आंबेनळी, वरंध व कशेडी या घाटांच्या पायथ्याच्या वाड्यांत झऱ्याचे पाणी पिण्याची परंपरा असल्याने ही बाब केवळ शास्त्रीय कुतूहलाची नाही. जांभ्याच्या प्रदेशातील धोक्याचे उदाहरण गोव्यात घडले आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये वास्को शहराच्या परिसरातील विहिरींत इंधन उतरल्याचे रहिवाशांच्या लक्षात आले. तेथे संशय टाकीवर नसून जमिनीखालून जाणाऱ्या इंधनवाहिनीवर होता. इंधन बाहेर पडल्यानंतरचा त्याचा जमिनीतील प्रवास मात्र दोन्ही प्रकारांत सारखाच असतो.

महाड शहर नद्यांच्या संगमाजवळ सखल भागी वसले असून २००५ व २०२१ या वर्षांच्या जुलै महिन्यांतील पुरांत त्याची मोठी हानी झाली. पुराचा भूमिगत टाकीवर होणारा परिणाम अनेकांच्या ध्यानी येत नाही. २० हजार लिटरची रिकामी टाकी पाण्याने वेढली गेली, की तिच्यावर सुमारे २० टन उत्प्लावक बल काम करते. पोलादी टाकीचे स्वतःचे वजन याच्या लहानशा अंशाएवढेच असते. तिला काँक्रीटच्या पायाशी पट्ट्यांनी जखडलेले नसेल आणि वरचा भराव अपुरा असेल, तर ती उचलली जाते व नळांचे सांधे तुटतात. बंद पडलेल्या पंपावरील टाकी बहुधा रिकामीच असते. म्हणजे पुराच्या वेळी चालू पंपापेक्षा बंद पंपाची टाकी अधिक अस्थिर असते. पूरग्रस्त भागातील जुन्या जागेच्या इतिहासात पुरांची वर्षे नोंदवणे म्हणूनच आवश्यक आहे.

मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाने या भागातील रस्त्यांची रचना बदलली आहे. काही ठिकाणी जुनी वळणे सुटली आणि कशेडी घाटाला बोगद्याचा पर्याय निर्माण झाला. रस्ता सरकला की त्याच्या कडेचा व्यवसायही सरकतो. रुंदीकरणाखाली गेलेल्या किंवा वाहतूक तुटल्याने बंद पडलेल्या जागा कालांतराने दुकानगाळे, हॉटेले वा घरे यांसाठी वापरल्या जातात, आणि नवा मालक पाण्यासाठी तेथेच विंधन विहीर घेतो. तपासणीची योग्य वेळ त्याच्या आधीची असते.

तपासणीचे टप्पे

पहिला टप्पा कागदपत्रांचा. परवान्यासोबत मंजूर झालेल्या नकाशात टाक्यांची संख्या, क्षमता व स्थान दिलेले असते. त्याला साठ्याच्या नोंदवह्या, टाकी दुरुस्तीची बिले, सात-बारा व फेरफार नोंदी, जुनी हवाई छायाचित्रे यांची जोड मिळते. कागदांत न सापडणारी माहिती जुने कर्मचारी व शेजारी देतात: पूर्वी आणखी एक टाकी होती, ती काढली नाही, वरून फरशी घातली, अमुक वर्षी टँकर उतरवताना सांडले, विहिरीच्या पाण्याला उन्हाळ्यात वास येई. अशा साक्षी पारखून घ्याव्या लागतात, पण त्या वगळून केलेली तपासणी बहुधा चुकीच्या जागी खणते.

टाकी जमिनीत आहे की नाही, हे शोधण्यासाठी उपकरणे वापरतात. वाळूच्या प्रदेशात चुंबकीय मापकाने पोलादी टाकी चटकन सापडते. बेसॉल्टमध्ये मात्र मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असल्याने खडकच संकेत देऊ लागतो व मोजमापे गोंधळाची होतात. विद्युतचुंबकीय धातुशोधक येथे अधिक उपयोगी पडतो. भूवेधी रडार कोरड्या जमिनीत चांगले चालते, परंतु ओल्या चिकणमातीत त्याच्या लहरी लवकर विरतात. कोकणात ते काम पावसाळ्याआधीच उरकावे लागते.

टाकी काढताना जे दिसते, तो तपासणीचा सर्वांत मोलाचा भाग होय. परंतु त्याआधी टाकी वायुमुक्त करणे अनिवार्य आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते व हवेत तिचे प्रमाण सुमारे १.४ टक्के झाले तरी ठिणगीने स्फोट होऊ शकतो. वायुमुक्ततेच्या प्रमाणपत्राविना टाकीत माणूस उतरवणे किंवा ती कापणे बेकायदा आणि प्राणघातक आहे. टाकी वर आल्यावर तिच्या तळाची छिद्रे, खड्ड्यातील मातीचा रंग व वास आणि खड्ड्यात जमणारे पाणी यांची नोंद करतात. कातळात किंवा जांभ्यात खणलेला आणि टाकीभोवती वाळूने भरलेला खड्डा हौदासारखा वागतो. पावसाचे पाणी त्यात साठते, गळलेले इंधन त्यावर तरंगते आणि एखाद्या भेगेतून वा केबलच्या चरातून बाहेर पडते. सर्व बाजूंची माती तपासूनही ती एक भेग हुकली, तर तपासणी व्यर्थ जाते.

मातीचे नमुने खड्ड्याच्या तळातून, भिंतींतून आणि नळांच्या मार्गावरून घेतात. जागेवर वाफ मोजणाऱ्या यंत्राने कोणता नमुना प्रयोगशाळेत पाठवावा हे ठरवता येते. नमुना प्लास्टिकच्या पिशवीत बांधून नेला, तर बेंझिन प्रयोगशाळेपर्यंत पोहोचतच नाही. तो काचेच्या बाटलीत, वर हवा न ठेवता, घट्ट बंद करून ४ अंश सेल्सिअसच्या आसपास थंड ठेवावा लागतो. पाण्याच्या नमुन्यालाही हाच नियम लागू आहे: बाटली उलटी केल्यावर आत एकही बुडबुडा दिसता कामा नये.

भूजलाच्या प्रवाहाची दिशा ठरवण्यासाठी किमान तीन निरीक्षण विहिरी, त्याही एका रेषेत नसलेल्या, आवश्यक असतात. तिन्हींतील पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या संदर्भाने मोजली की उतार काढता येतो. दासगावकडील खाडीच्या सखल भागात भरती-ओहोटीने पातळी दिवसातच बदलू शकते, म्हणून एकाच मोजमापावर विसंबता येत नाही. निरीक्षण विहिरीतील जाळीचा भाग पावसाळ्यातील उच्च पातळीपासून उन्हाळ्यातील नीच पातळीपर्यंत पोहोचलेला असावा, अन्यथा तरंगते इंधन जाळीच्या वर वा खाली राहून नजरेतून सुटते.

खोदाईच्या यंत्राबद्दलही सावधगिरी हवी. महाराष्ट्रात विंधन विहिरी दाबाच्या हवेवर चालणाऱ्या हातोडा-छिन्नीने खोदतात. ही पद्धत कातळासाठी उत्तम असली, तरी तिची हवा बाष्पनशील घटक उडवून देते आणि यंत्राचे वंगणतेल भोकात सोडते. खोदल्याबरोबर घेतलेल्या नमुन्यात बेंझिन नाही पण तेल आहे, असा उलटाच निष्कर्ष निघू शकतो. विहीर स्वच्छ करून, पाणी स्थिरावू देऊन मगच नमुना घेणे योग्य. एकदा उन्हाळ्याच्या अखेरीस आणि एकदा पावसाळ्यानंतर अशी दोनदा मोजणी झाल्याशिवाय कोकणातील जागा निर्दोष ठरवू नये. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. या नोंदी परिसरातील चढउताराचा अंदाज घेण्यास उपयोगी पडतात.

उगमाची ओळख

पाण्यात इंधनाचा घटक सापडला म्हणजे तो जुन्या टाकीतूनच आला, असे सिद्ध होत नाही. महाडमध्ये हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे, कारण औद्योगिक वसाहतीतील रासायनिक उद्योगांत टोल्युइन व झायलिन यांसारखे द्रावक वापरले जाण्याची शक्यता असते. पेट्रोलमध्ये बेंझिन, टोल्युइन, एथिलबेंझिन, झायलिन व ट्रायमिथिलबेंझिने एकत्र आढळतात. केवळ टोल्युइन किंवा त्याच्या जोडीला क्लोरीनयुक्त द्रावके सापडली, तर उगम अन्यत्र शोधावा लागतो. हा भेद न करता पंपमालकाला दोषी ठरवणे जितके अन्यायाचे, तितकेच कारखान्याचे सांडपाणी पंपाच्या नावावर खपवणेही.

गळतीचा काळ ठरवण्यास शिसे मदत करते. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोलच विकले जाऊ लागले. मातीतील इंधनाच्या अवशेषात सेंद्रिय शिसे सापडले, तर ती गळती बहुधा त्यापूर्वीची होय. उलट इथेनॉल किंवा त्याच्या विघटनाच्या खुणा अलीकडील गळतीकडे बोट दाखवतात. जागा एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेली असेल, तेव्हा खर्च कोणी सोसायचा हे अशा पुराव्यावर ठरू शकते.

जांभ्याच्या प्रदेशात एक फसवी खूण वारंवार दिसते. ओहोळात वा विहिरीच्या कडेला पाण्यावर इंद्रधनुषी तवंग येतो आणि तेल आल्याची आवई उठते. लोहयुक्त पाण्यातील जिवाणूही तसाच तवंग तयार करतात. काडीने तो ढवळल्यास जिवाणूंचा तवंग काचेसारखा तुकड्यातुकड्यांत फुटतो व तसाच राहतो. तेलाचा तवंग पुन्हा एकत्र येतो. ही चाचणी प्राथमिक स्वरूपाची असली, तरी शाळकरी मुलालाही करता येण्यासारखी आहे.

पिण्याचे पाणी व आरोग्य

वास नाही म्हणजे पाणी सुरक्षित, हा समज चुकीचा आहे. शुद्ध बेंझिनचा वास पाण्यात लिटरला १० मिलिग्रॅमच्या सुमारास जाणवतो. मार्गदर्शक मूल्य त्याच्या एक हजारांश आहे. टोल्युइन आणि झायलिन यांचा वास तुलनेने लवकर येतो, परंतु ते आधी विघटित होऊन बेंझिन मागे राहिले असल्यास नाक काहीच सांगत नाही. भारतीय मानक आयएस १०५००:२०१२ मध्ये पिण्याच्या पाण्यातील खनिज तेलाची मर्यादा लिटरला ०.५ मिलिग्रॅम आहे. ही मर्यादा एकूण तेलाची असल्याने, ती पाळली गेली म्हणजे बेंझिनही मर्यादेत आहे असे मानता येत नाही. त्याची स्वतंत्र चाचणी मागावी लागते. ग्रामपंचायतीमार्फत होणाऱ्या नेहमीच्या तपासणीत प्रामुख्याने जिवाणू, क्षार, नायट्रेट, फ्लोराइड यांसारखे घटक पाहिले जातात. पंपाजवळील विहिरीचा ‘पाणी पिण्यास योग्य’ हा अहवाल वाचताना त्यात कोणत्या चाचण्या आहेत, हे पाहणे आवश्यक आहे.

पाणी उकळणे हाही येथे उपाय नव्हे. उकळल्याने बेंझिन बाहेर पडते खरे, पण ते स्वयंपाकघराच्या हवेत मिसळते. विहिरीला इंधनाचा स्पष्ट वास येत असल्यास पाणी पिणे, विजेचा पंप चालू करणे आणि विहिरीत उतरणे या तिन्ही गोष्टी तत्काळ थांबवाव्या लागतात.

कायदेशीर तरतुदी

जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ अन्वये विहिरी व भूजल यांचे प्रदूषण रोखण्याची जबाबदारी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आहे. मंडळाचे उपप्रादेशिक कार्यालय महाडला आहे. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ यातही भूजलाच्या गुणवत्तेच्या रक्षणाची तरतूद आहे. राष्ट्रीय हरित लवादाच्या निर्देशांनंतर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी २०२० मध्ये नव्या पेट्रोल पंपांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांनुसार शाळा, रुग्णालये व निवासी भाग यांपासून सामान्यतः ५० मीटर अंतर राखावे लागते, आणि १६५ लिटरांहून अधिक सांडल्यास किंवा गळल्यास संबंधित यंत्रणांना कळवावे लागते. मात्र दर सेकंदाला एक थेंब गळणारी टाकी १६५ लिटर गमावण्यास सुमारे ३८ दिवस घेते आणि तोवर ती कोणाच्याच लक्षात आलेली नसते. ही तत्त्वे मुख्यतः नव्या पंपांसाठी आहेत. जुन्या, बंद जागांचा प्रश्न त्यांनी सुटत नाही.

ती उणीव काही अंशी जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदूषित स्थळांच्या व्यवस्थापनाविषयीच्या नियमांनी भरून काढली आहे. या नियमांनुसार संशयित स्थळांची माहिती स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासनाने राज्य मंडळाला द्यायची, मंडळाने प्राथमिक व नंतर सविस्तर तपासणी करवून घ्यायची आणि शुद्धीकरणाचा खर्च प्रदूषण करणाऱ्याकडून वसूल करायचा, अशी रचना आहे. यादीची सुरुवात स्थानिक संस्थेपासून होत असल्याने, गावात पूर्वी पंप कोठे होता हे नगरपरिषदेला वा ग्रामपंचायतीला ठाऊक असणे कळीचे ठरते.

शुद्धीकरण

उथळ व मर्यादित प्रदूषण असेल तर माती खणून काढणे सर्वांत सोपे. काढलेली माती पसरून, ओलावा व पोषकद्रव्ये देऊन जिवाणूंकरवी शुद्ध करता येते. भारतात टेरी या संस्थेने विकसित केलेले ‘ऑइलझॅपर’ हे जिवाणूंचे मिश्रण तेलमिश्रित माती व गाळ यांसाठी वापरले गेले आहे. मुसळधार पावसाच्या प्रदेशात ही माती उघड्यावर ठेवल्यास प्रदूषण ओहोळात वाहून जाते, म्हणून काम कोरड्या ऋतूत व आच्छादनाखाली करतात. तरंगते इंधन उपसून काढणे, मातीतील वाफ निर्वात पंपाने ओढून घेणे, पाण्यात हवा सोडणे आणि उपसलेले पाणी सक्रिय कोळशातून गाळणे या इतर पद्धती होत. काही ठिकाणी उगम दूर करून पुढील विघटन निसर्गावर सोपवतात व केवळ देखरेख ठेवतात. मात्र त्यासाठी विरघळलेला प्राणवायू, नायट्रेट, लोह व मिथेन यांची मोजमापे वर्षानुवर्षे घ्यावी लागतात. जांभ्याच्या भूजलात लोह मुळातच असू शकते, त्यामुळे त्याच्या वाढीवरून विघटनाचा निष्कर्ष काढताना बाधित नसलेल्या विहिरीशी तुलना अपरिहार्य असते.

कातळाच्या भेगांत शिरलेले इंधन पूर्णपणे काढून घेणे आजच्या तंत्राने क्वचितच साधते. अशा जागी व्यवहार्य उपाय म्हणजे बाधित विहिरीला पर्यायी पाणीपुरवठा देणे, प्रवाहाच्या दिशेने नव्या विंधन विहिरींना मनाई करणे आणि त्या जागेची नोंद पुढील खरेदीदाराला दिसेल अशा रीतीने भूमी-अभिलेखात ठेवणे.